तिचा हात थंड का होता?

एका कथेवर चर्चा चालली होती. समोर अठरा-वीस वर्षांची मुलंमुली, हातात कथेच्या प्रती. कथा जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमनची, १८१६ सालची, 'सँडमॅन'. एक विद्यार्थी एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि ती मुलगी लाकडाची, यंत्रावर चालणारी बाहुली निघते. तासभर जो तो अर्थ लावत होता. बाहुली म्हणजे समाजाला हवी असलेली बाई. नायक म्हणजे मनोरुग्ण. दुर्बीण म्हणजे विज्ञान. मग मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "नाचायला त्यानं तिचा हात धरला तेव्हा तो बर्फासारखा गार लागला. हे त्याला कळलं होतं. मग त्यानं तो सोडला का नाही?"

चर्चा चालवणारे म्हणाले, "ते प्रतीकात्मक आहे," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी तिथेच बसलो होतो. तासाभरातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, असं मला वाटलं होतं, आणि तरी मी काही बोललो नाही. तेव्हा राहून गेलेलं बोलणं आता लिहितो आहे.

अद्भुत गोष्ट समोर आली की तिचा अर्थ सांगून मोकळं व्हायचं, ही सवय आपण तरुण वाचकांना लावतो. ती सवय चुकीची आहे, आणि गोष्ट कोवळ्या वयातल्या प्रेमाची असेल तर जास्तच चुकीची आहे. 'लेखकाला यातून काय सांगायचे आहे?' हा प्रश्न पहिल्या धड्यापासून शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत आपली पाठ सोडत नाही. त्यात एक गृहीत दडलेलं असतं. लेखकाला काहीतरी साधंसरळ सांगायचं होतं आणि ते त्यानं उगाच भुताबाहुल्यांत गुंडाळून ठेवलं. वाचकानं वरचा कागद सोडवायचा, आतला सुविचार काढून घ्यायचा, कागद फेकून द्यायचा. पण 'सँडमॅन'सारख्या कथेत जे काही आहे ते सगळं त्या कागदातच आहे.

कथेची सुरुवात एका चुकलेल्या पत्रानं होते. नाथानाएल हा विद्यार्थी घरापासून दूर शिकतो आहे. लहानपणी त्याला दाईनं सांगितलेलं असतं की झोपायला न जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकणारा एक माणूस येतो, डोळे रक्तबंबाळ होऊन बाहेर पडतात आणि तो ते पोत्यात भरून नेतो. रात्री वडिलांकडे येणारा कोपेलियुस नावाचा वकील म्हणजेच हा माणूस, असं त्या पोराच्या मनानं घेतलेलं. पुढे त्याच कोपेलियुसबरोबर रात्री काही रासायनिक उद्योग चालू असताना स्फोट होऊन वडील जातात. आता इतक्या वर्षांनी त्याच्या खोलीवर कोप्पोला नावाचा एक फिरता विक्रेता आला आहे आणि तो कोपेलियुसच आहे, अशी नाथानाएलची खात्री पटली आहे. हे सगळं तो आपल्या मित्राला, लोथारला लिहितो. पण पाकिटावर नाव घालतो लोथारच्या बहिणीचं, क्लाराचं. जिच्यावर त्याचं प्रेम आहे, तिचं.

क्लारा पत्र फोडते. आत 'प्रिय लोथार' असं दिसल्यावर आपण थांबायला हवं होतं, हे ती स्वतःच कबूल करते. पण ती वाचत जाते. या एवढ्याशा प्रसंगात दोघांचं वय, त्यांची जवळीक आणि पुढे येणारा सगळा घोटाळा मला दिसतो. जे तिला सांगायचं धाडस नव्हतं ते हातानं तिच्याच पत्त्यावर पाठवलं. याला कुठलं प्रतीक म्हणायचं? प्रेमात पडलेल्या माणसाचा हात असाच चुकतो.

आणि क्लारा काय करते? ती अर्थ लावते. फार समंजसपणे, फार मायेनं ती लिहिते की हे सगळं भयंकर तुझ्या मनातच घडलं आहे. वडिलांचा मृत्यू त्या प्रयोगात झाला असणार. आपण थारा दिला तरच अशी काळी शक्ती आपल्यात शिरते आणि आपलंच रूप घेते. तिच्या पत्रातला शब्द न् शब्द पटण्यासारखा आहे. आजचा कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. तरी नाथानाएल चिडतो, आणि पुढे एकदा आपली काळोखी कविता तिला वाचून दाखवल्यावर ती 'हे वेडगळ लिखाण जाळून टाक' म्हणते तेव्हा तो तिच्यावर ओरडतो: निर्जीव यंत्र आहेस तू!

जिवंत मुलीला तो यंत्र म्हणतो, आणि थोड्याच दिवसांत खऱ्या यंत्रावर जीव ओवाळून टाकतो. समोरच्या घरातल्या प्राध्यापक स्पालांझानीची 'मुलगी' ओलिंपिया त्याला खिडकीतून दिसते. कोप्पोलानं विकलेल्या छोट्या दुर्बिणीतून पाहिल्यावर तिचे डोळे ओले, चांदण्यासारखे वाटू लागतात. मेजवानीत ती गाते, नाचते. तिचा ताल इतका अचूक की आपल्याला तालच नाही असं नाथानाएलला वाटायला लागतं. हात थंड. ओठ थंड. पण तो तिच्या डोळ्यांत पाहत राहतो आणि त्या थंड हातात नाडी सुरू झाल्यासारखी वाटते. मग तो रोज तिच्याकडे जाऊन आपल्या कविता, कथा, सगळं बाड वाचून दाखवतो. ती विणकाम करत नाही, कुत्र्याशी खेळत नाही, जांभई दाबत नाही. एकटक बघत राहते आणि मधूनमधून म्हणते, "आह! आह!" इतकं समजून घेणारं माणूस त्याला कधी भेटलंच नव्हतं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. थंड हात त्यानं सोडला नाही, कारण तो हात त्याला काही समजावून सांगत नव्हता. क्लाराचा हात उबदार होता, पण त्यात त्याच्या भीतीवरचं उत्तर तयार होतं. विसाव्या वर्षी माणसाला आपल्या आत चाललेल्या गोष्टी जगात पहिल्यांदाच घडत आहेत असं वाटत असतं. त्या कुणीतरी फक्त ऐकाव्यात, त्यांना नाव देऊ नये, ही भूक फार खरी असते. आणि फार धोक्याचीही. हॉफमननं या भुकेची टिंगल केलेली नाही, तिची भलामणही केलेली नाही. तिला चाकं, मेण, काच आणि एक उद्गार एवढं शरीर देऊन खोलीच्या मधोमध बसवलं आहे. हेच 'तरुण वयात माणूस स्वतःच्याच प्रतिमेवर प्रेम करतो' अशा वाक्यात सांगितलं तर वाक्य खोटं ठरणार नाही. पण ते वाचून कुणाच्या तळहाताला गार लागणार नाही.

या कथेचा सगळ्यात गाजलेला अर्थ सिग्मंड फ्रॉइडनं लावला, १९१९ साली, ओळखीच्या गोष्टीतून अंगावर येणाऱ्या भयाविषयीच्या निबंधात. त्याच्या आधी, १९०६ मध्ये, येन्च नावाच्या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं होतं की समोरची वस्तू सजीव की निर्जीव हे ठरत नाही, तेव्हा आपल्याला तसं भय वाटतं. फ्रॉइड म्हणाला, बाहुली हा या कथेचा गाभाच नव्हे. गाभा आहे डोळे जाण्याची भीती, आणि तिच्यामागे वडिलांविषयीची, खच्चीकरणाची जुनी भीती. फ्रॉइडला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. वाळूवाला, चष्मे, दुर्बीण आणि शेवटी फरशीवर पडलेले बाहुलीचे डोळे हा धागा त्यानं सुरेख उचलला. एवढंच नाही, कोप्पोला हाच कोपेलियुस आहे हे कथेच्या शेवटी स्पष्ट होतं, असंही तो मानतो. म्हणजे नाथानाएलला नुसते भास होत होते, असं म्हणून तो मोकळा होत नाही. पण ओलिंपियाचं काय झालं? ती वडिलांविषयीच्या नायकाच्या बालपणीच्या वृत्तीचं रूप ठरली आणि तिची जागा तळटीपेत गेली. प्रेमकथेतली प्रेयसी तळटीपेत! अर्थाला जागा करून देताना कथेतलं कोण बाहेर फेकलं जातं, हे मी तेव्हापासून प्रत्येक अन्वयार्थात आधी बघतो.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रानं याविषयी फार नेमकं बोलून ठेवलं आहे, आणि ते आपण परीक्षेपुरतं पाठ करून विसरतो. शब्दाचा सरळ अर्थ अडला की लक्षणा येते. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. प्रवाहावर घरं उभी राहू शकत नाहीत, म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असं समजून घेतो. म्हणजे आडवाट धरण्याआधी सरळ वाट खरोखर बंद आहे का, हे पाहावं लागतं. अद्भुत कथेत ती बंद नसते. ओलिंपिया कथेच्या जगात खरोखर लाकडाची आहे. तिथे काही अडलेलंच नाही, मग वाचक धावत काठावर का जातो? आनंदवर्धनानं नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त याच्या पुढची गोष्ट सांगितली. ज्याला उजेड हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो. तसं ज्याला सूचित अर्थ हवा त्यानं वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, जपला पाहिजे. ध्वनीचा, म्हणजे सूचित अर्थाचा, सगळ्यात मोठा पुरस्कर्ताच हे सांगतो आहे. ज्योत विझवून उजेड घरी नेता येत नाही.

हजार वर्षांहून जास्त काळानंतर, १९७० मध्ये, त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं अद्भुत साहित्यावरच्या पुस्तकात वेगळ्या वाटेनं जवळपास तिथेच येऊन थांबावं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. त्याच्या मते घटनेला नैसर्गिक कारण आहे की ती खरंच निसर्गापलीकडची आहे, या दोहोंत वाचक हेलकावत असतो तोवरच अद्भुत जिवंत असतं. आणि वाचकानं ती घटना रूपक म्हणून वाचायला घेतली की तो हेलकावाच थांबतो. फ्रांझ काफ्कानंही १९१५ मध्ये 'रूपांतर' ही माणसाचा कीटक होण्याची कथा छापली जाताना प्रकाशकाला लिहिलं होतं की मुखपृष्ठावर तो कीटक काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. चित्र काढणं म्हणजेही एक अर्थ ठरवून टाकणं, हे त्याला ठाऊक होतं.

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'मध्ये ऊर्वशी वेल होते. स्त्रियांना मज्जाव असलेल्या वनात तिनं पाऊल टाकलेलं असतं. पुरूरवा वेड्यासारखा मोराला, कोकिळेला तिचा पत्ता विचारत फिरतो आणि शेवटी एका वेलीला मिठी मारतो. वेलीची ऊर्वशी होते. पण तो लगेच डोळे उघडत नाही. वाटेत जिला जिला ऊर्वशी समजलो ती क्षणात दुसरंच काही निघाली, म्हणून आता स्पर्शानं ओळख पटली असताना एकदम डोळे उघडायचे नाहीत, असं तो म्हणतो. मिटल्या डोळ्यांनी हातातली गोष्ट थोडा वेळ तशीच धरून ठेवणं मला वाचकासाठी फार महत्त्वाचं वाटतं. वेल म्हणजे काय, हे विचारायला नंतर भरपूर वेळ असतो.

हल्ली 'सँडमॅन'ला नवी किल्ली लागली आहे. माणसासारखी बोलणारी यंत्रं आली, त्यांच्याशी तासन्तास मन मोकळं करणारी तरुण मंडळी आली, आणि लगेच 'हॉफमननं हे दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं' असं म्हटलं जाऊ लागलं. साम्य आहेच, ते मला नाकारायचं नाही. पण ही किल्लीसुद्धा दार उघडण्याऐवजी बंद करते. कथा भविष्यवाणी ठरली की ती 'त्या लोकां'विषयीची होते. वाचणाऱ्यानं स्वतः कुणाच्या 'आह'वर किती दिवस काढले, हा प्रश्न बाजूला पडतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. माणसंही एकमेकांसाठी ओलिंपिया होऊन बसतात, कित्येकदा प्रेमापोटीच.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नाथानाएल शेवटी क्लाराला मनोऱ्यावरून खाली फेकू पाहतो. अशा तरुणाच्या अनुभवाला 'तो जसा आहे तसा घ्या' म्हणणं म्हणजे हिंसेला काव्याचं पांघरूण घालणं नाही का? त्याला आजारी म्हणणं, ओलिंपियाला धोक्याचं चिन्ह म्हणणं हेच जबाबदारीचं वाचन नाही का?

मला याच्या नेमकं उलट वाटतं. तो प्रसंग शब्दशः वाचा. बाहुलीच्या प्रकरणानंतर नाथानाएल क्लाराकडे परतला आहे आणि दोघं मनोऱ्यावर गेले आहेत. क्लारा दूरवरचं एक विचित्र राखाडी झुडूप दाखवते, ते आपल्याकडे चालत येतंय असं वाटतं म्हणते. तो खिशातून दुर्बीण काढतो, आणि काचेसमोर येते ती क्लारा. तो किंचाळू लागतो, लाकडाच्या बाहुले, गिरकी घे! तो तिला कठड्याबाहेर ढकलू पाहतो, आणि ती कठड्याला घट्ट धरून राहते. खाली असलेल्या लोथारला किंकाळी ऐकू येते. तो दारं फोडत वर पोचतो तेव्हा ती एका हातानं लोखंडी गज धरून अधांतरी लोंबकळते आहे. आता 'क्लारा म्हणजे विवेक आणि ओलिंपिया म्हणजे कल्पना' हा अर्थ इथे लावून पाहा. विवेक कठड्याला लोंबकळत नाही. विवेकाच्या बोटांना रग लागत नाही. ज्या वाचनात क्लारा एक तत्त्व होते, त्या वाचनात तिच्यावरचा हल्ला दिसेनासा होतो, जसा तो नाथानाएललाही दिसत नाही, कारण त्याच्या काचेतून ती बाहुलीच असते. जिवंत मुलीला चिन्ह समजणं हाच त्याचा अपराध आहे. तोच अपराध आपण वर्गात 'रसग्रहण' म्हणून शिकवतो.

म्हणून आग्रह आहे तो क्रमाचा. अर्थ लावूच नये, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅगनं १९६४ च्या आपल्या निबंधात अर्थ लावण्याविरुद्ध जो मोर्चा उघडला, तिच्याबरोबर मी अर्ध्या वाटेपर्यंतच जाऊ शकतो. अर्थ नकोच म्हटलं तर वाचक ओलिंपिया होतो, कुठल्याही पानावर 'आह' म्हणणारा. आणि तयार अर्थ घेऊन बसला तर तो पत्र लिहिणारी क्लारा होतो, सगळं बरोबर सांगून काहीच न ऐकणारी. तरुण वाचकाला आधी विचारावं की काय घडलं ते सांग. कुठे थबकलास? कुठली गोष्ट तुला बारीक आणि विचित्र वाटली? दुर्बीणच का, चष्मा का नाही? कोप्पोला जिन्यावरून उतरताना का हसतो? पत्र चुकीच्या हातात का जातं? अर्थ या प्रश्नांच्या मागून चालत येतो, आणि आला की तो एखाद्या बारीक तपशिलाला धरूनच येतो. ज्या अर्थामुळे मी कथेकडे परत जातो, थंड हाताचं वाक्य पुन्हा वाचतो, तो अर्थ मला चालतो. जो अर्थ मिळाल्यावर कथा वाचायची गरजच उरत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आणि हे तरुणांच्या बाबतीत मला जास्त जिव्हाळ्यानं म्हणावंसं वाटतं. त्या वर्गातली बहुतेक मुलं ज्या वयात होती, त्या वयात एखाद्या माणसाच्या नुसत्या येण्यानं खोलीचा आकार बदलतो, एखादा आवाज दिवसभर अंगात राहतो. हे वर्णन अतिशयोक्त वाटतं ते आपण ते वय मागे टाकलं म्हणून. अद्भुत कथा त्यांना सांगते की तुमचं हे अनुभवणं लिहिण्याजोगं आहे आणि त्यात घातही होऊ शकतो. आपण मधे पडून सांगतो की ते प्रतीक आहे, नाहीतर आजार आहे. मग ती मुलं स्वतःविषयीही हीच भाषा शिकतात. आपल्याला काही विलक्षण वाटलं तर त्याचं भाषांतर करून मोकळं व्हायचं, हे त्यांना उत्तम जमायला लागतं.

हॉफमनला या सगळ्याचा अंदाज असावा. बाहुलीचं बिंग फुटल्यावर गावात खळबळ उडते, आणि काव्य-वक्तृत्वाचा एक प्राध्यापक तपकिरीची चिमूट ओढून, घसा खाकरून जाहीर करतो की मंडळी, अहो, हे सगळं रूपक आहे, एक लांबवलेलं रूपक! सुज्ञांस अधिक सांगणे न लगे! म्हणजे आपल्या चर्चेतलं उत्तर कथेत आधीच छापलेलं आहे. पण गावकऱ्यांचं त्यानं समाधान होत नाही. लाकडाच्या मुलीची गोष्ट त्यांच्या मनात खोल गेलेली असते. प्रत्येकाला शंका येऊ लागते की आपलं माणूस तरी खरं आहे ना. मग प्रियकर आपापल्या प्रेयसीला सांगू लागतात की जरा बेसूर गा, नाचताना ताल चुकव. मी वाचून दाखवत असताना विणकाम कर, कुत्र्याशी खेळ. आणि नुसती ऐकू नकोस, कधीतरी बोल, असं बोल की त्यामागे तू खरोखर काही विचार केलास, तुला काही वाटलं, हे मला कळेल. काही जोडप्यांचं प्रेम त्यानं घट्ट झालं, अधिक लोभस झालं. काही हळूच एकमेकांपासून दूर झाली.